किंवा

देवगडात, बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीत
आमदारांचं कार्यालय. खाली लाद्या फुटतात,
वर टेबलं हलतात.
मी पीएंचा मदतनीस.
दारावरच्या पाटीत पीएंचंच नाव नाही,
माझं कुठून असणार.

इथे पिना टिकत नाहीत.
खारी हवा त्यांना महिन्याभरात खाते
आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात
तांबूस डाग तेवढा उरतो.
म्हणून मी फायली तंगुसाने शिवतो,
बाबा जाळं सांधताना मारायचे त्याच गाठीने.
मंत्रालयातल्या एका कारकुनाने विचारलं म्हणे,
कागद पाठवलेत की मासे?
पण त्या फायलीतलं एक पान गळालं नाही.

वादळ येऊन गेलं त्या वर्षी
वाळूत रुतलेल्या होड्यांचे फोटो
सगळ्या पेपरांत आले.
वाहून गेलेल्या जाळ्याचा फोटो कसा काढणार?

ओरोसला कलेक्टरांकडे बैठक होती.
साहेब पुढच्या सीटवर, तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेले.
पीए फोनवर. माझ्या मांडीवर मसुदा:
‘नौका व जाळी यांचे नुकसान झालेल्या मच्छीमारांना...’
नांदगाव तिठ्यावर गाडी डिझेलला थांबली
तेव्हा तो ‘व’ घशात काटा अडकावा तसा अडकला.
बुधाजी तारी आठवला.
होडी त्याने माडाला बांधून वाचवली होती,
रात्रभर, चार माणसं लावून.
जाळी दर्याने नेली. सातच्या सात.
या ‘व’मध्ये बुधाजी बसत नव्हता.

मी ‘व’ खोडला, वर लिहिलं ‘किंवा’.
निळ्या पेनाने, काळं सापडेना.
पीएंना दाखवलं. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, बरं.

बैठकीत मी भिंतीला टेकून उभा.
साहेबांचा आवाज मोठा, वाचत गेले,
‘नौका किंवा जाळी...’
अडखळले नाहीत.
मग मी पाण्याचे ग्लास फिरवायला घेतले.

सात महिन्यांनी आदेश निघाला.
पान तिसरं, कलम चार, दुसरी ओळ.
होडी वाचली पण जाळी गेली
अशी घरं तीनशे अठ्ठावन्न.
हा आकडा कुठल्याच भाषणात नाही.
मला तो आमच्या सर्वे नंबरासारखा पाठ आहे.

सत्काराला मांड घातला होता.
आभाराची यादी मीच लिहिली:
मंडपवाले, माइकवाले, शाळेच्या खुर्च्या,
उसळ ढवळणारे दोघे भाऊ.
कुणी राहिलं का रे? पीएंनी विचारलं.
मी पुन्हा एकदा वाचली. नाही, म्हटलं.
खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

पण एक सांगायला हवं.
‘मच्छीमार’ या शब्दात
सुकी मासळी वाळवणाऱ्या बायका धरत नाहीत,
हे मला फार उशिरा कळलं.
द्रौपदीकाकीचे बांबूचे मांडव गेले होते,
वर पेटाऱ्यातले बांगडे.
तो शब्द मी ओरोसपर्यंत मांडीवर घेऊन गेलो
आणि मला दिसला नाही.
तेही कुणाला ठाऊक नाही.

परवा तिने हाक मारली,
‘काय रे, थंय नेमका करतंस काय तू?’
‘झेरॉक्स काढतंय, काकी.’
‘बरा हा. सावलेतला काम.’
आणि मूठभर सुकट दिली, कागदात गुंडाळून.
नको म्हणता आलं नाही.

नव्या पत्राचा मसुदा बॅगेत होता.
त्यात तिच्यासाठी अर्धी ओळ आहे;
टिकेल की नाही, माहीत नाही.

किनाऱ्याने परतताना बुधाजी बसला होता,
पायाच्या अंगठ्यात दोरी धरून,
समोर हिरवंगार जाळं, अजून कंपनीचा वास असलेलं.
वर न बघताच म्हणाला,
‘पाय बघून टाक रे. नवा जाळा हा.’

मी चपला हातात घेतल्या
आणि कडेने गेलो.